हातचे दोन सूत

धनसिंगआबांच्या कारखान्यात मापं घ्यायला पट्टी होती, टेप होती, पण शेवटचा शब्द आबांच्या हातांचा होता. आबा दोन्ही हात हवेत धरून "इतलं" म्हणायचे आणि टर्नरनं त्या दोन तळव्यांमध्ये टेप लावून आकडा घ्यायचा. बारीक काम असलं तर सुतात बोलायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि सुताच्या खाली जे काही असतं ते सोनारानं बघावं, असं आबांचं मत. धुळ्याला आग्रा रोडलगतच्या त्या शेडमधून डाळ मिलची मशीनं साक्रीपासून चाळीसगावपर्यंत गेली होती आणि इमानेइतबारे तूर भरडत होती. तक्रार आलीच तर हातोडी घेऊन माणूस जायचा. कुणाचं काही अडत नव्हतं.

१९९५ साली तिथं कॉम्प्युटर आला तो गरजेनं नव्हे, पोटदुखीनं. जळगावच्या एका कारखानदारानं ऑफिसात कॉम्प्युटर बसवल्याचं आबांच्या कानावर एका लग्नाच्या पंगतीत आलं. आबांना त्या दिवशी जिलबी गोड लागली नाही. थोड्याच दिवसांत शेडच्या कोपऱ्यात काचेची खोली उभी राहिली, नारळ फुटला, मॉनिटरला हळदकुंकू लागलं आणि मग सगळ्यांना प्रश्न पडला, की आता याचं करायचं काय.

ते ठाऊक असलेलं माणूस कारखान्यात एकच होतं, आणि ते पत्रं टाइप करत होतं. पुष्पा बोरसे धुळ्यातच मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. नोकरी मागायला जिथं जिथं गेली तिथं साहेबांनी तिचं मार्कशीट कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, "बिलं लिहिता येतील ना?" आबांनीही बिलांसाठीच घेतली होती. पण आबांकडे निदान कॉम्प्युटर होता. बिलं उरकली की पुष्पा ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडून बसायची. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटायच्या. चित्र जरा मोठं झालं की मशीन इतकं रमतगमत रेघा काढायचं, की तेवढ्यात चहा पिऊन कप विसळून होई. तिला मात्र त्याचा कंटाळा येत नसे.

दसऱ्याच्या सुमाराला नाशिकहून डीलरचा माणूस एक जोड-प्रोग्राम घेऊन आला. ड्रॉइंगचं मूळ सॉफ्टवेअर म्हणजे नवरदेव, त्याच्याबरोबर येणारी ही करवली, असं त्यानंच समजावलं. करवली कामाची होती. बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, भाग ओतायचा असला तर आधी तसाच लाकडी भाग करावा लागतो. त्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. बीड गार होताना आकसतं, आणि हा आकस धरून पॅटर्न मुळातच थोडा मोठा हवा. किती मोठा, ते हा प्रोग्राम आपणहून मोजून पॅटर्नचं ड्रॉइंग हातात ठेवायचा. तो चालायला कॉम्प्युटरच्या पाठीला बोटाच्या पेराएवढं एक कुलूप लावावं लागे, त्याचं नाव डोंगल. वर्षअखेरीपर्यंत डोंगल फुकट वापरा, पटलं तर घ्या, नाहीतर मी येऊन काढून नेतो, असा करार ठरला.

आबांनी डोंगलकडे पाहिलं, पुष्पाकडे पाहिलं.

"पोरी, यंदा चाळीसगावना गिरधरशेठनं मशीन तू कर," ते म्हणाले. "जमनं ते हाई खुर्ची तुन्ही. नही जमनं ते हाऊ डबा बिलं लिखाले जाई, आनि तूबी त्यान्हासंगे."

आबांच्या बोलण्यात खोट नव्हती आणि राग तर मुळीच नव्हता. म्हणूनच पुष्पाला धडकी भरली. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते, सरळ माणसाशी काय बोलणार? आयुष्यभर बिलं लिहायची की मशीन काढायचं, ते आता त्या एका मशीनवर ठरणार होतं.

तिनं मन लावून काम केलं. मशीनच्या दोन बाजू बिडाच्या, मध्ये तूर भरडणारा दगडी रोळ, आणि वर तूर ओतायचं पत्र्याचं चाडं. चाडं वरच्या खाचेत बसायचं. प्रत्येक बाजूवर दोन खाचा, त्यांच्यामध्ये चार फुटांचं अंतर, आणि टेकायला दोन्ही टोकांना अर्ध्या अर्ध्या इंचाची कड. प्रोग्रामनं हिशेब केला, की पॅटर्नमध्ये हे अंतर चार सूत वाढवा. पुष्पानं पुस्तक काढून तपासलं. बरोबर होतं.

आणि मग प्रिंटरचं बटण दाबण्याआधी तिच्या मनात पाल चुकचुकली. लहानपणापासून ती कारखान्यांच्या गल्लीत वाढलेली. बीड काही रबर नव्हे; कमी पडलं तर ताणता येत नाही, जास्त झालं तर घासता येतं, हे वाक्य तिनं पाढ्यांच्या आधी ऐकलं होतं. कॉम्प्युटर कितीही शहाणा असला तरी त्यानं बीड कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि चार फुटांच्या जागी चार फूट दोन सूत असा आकडा घातला. असू देत हातचे. कुणाला कळणार आहे?

मग प्रिंटर करकरत चालला. कागद चिकटपट्टीनं जोडून पुष्पा नासीरचाचांच्या दुकानी गेली. नासीरचाचा पॅटर्नवाले. सागवानाच्या फळीला त्यांचा हात लागला की फळीनं शहाण्यासारखं वागायला सुरुवात केलीच.

"चाचा, यात बिडाचा आकस धरलेला आहे बरं का," ती म्हणाली. "तुम्ही वेगळा धरू नका."

"हो बेटी," चाचा म्हणाले आणि ड्रॉइंगकडे इतक्या मायेनं पाहिलं, की तिला बरं वाटलं. पॅटर्न झाले, जळगावच्या फाउंड्रीत गेले. फाउंड्रीत उखर्डूनाना वाळूचे साचे करायचे. इकडं धुळ्यात पत्र्याचं चाडं तयार झालं. पत्रा आकसत नाही, त्यामुळे ते मूळ मापाबरहुकूम, चार फुटांच्या अंतरात बसेल असं बेतलेलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी जळगावचा टेम्पो पारोळ्यावरून आला. त्यात बिडाच्या दोन बाजू होत्या, उखर्डूनाना होते, आणि पोतंभर वांगी होती. मशीन जोडलं की भरीत-भाकरी, असं आबांनी आधीच जाहीर केलं होतं. अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ झाला, त्यावर वांगी पडली. नासीरचाचा त्यांच्या अकबरीचाचींना घेऊन आले. नाशिकचा डीलरचा माणूसही आला होता. पटलं तर चेक, नाहीतर डोंगल, काहीतरी एक तो घेऊन जाणार होता.

बाजू उभ्या राहिल्या. रोळ बसला. चाडं साखळीला टांगून वर नेलं आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. साखळी खाली यायला लागली, चाडं खाचेपर्यंत आलं, खाचेत न थांबता पुढं गेलं, आणि धाडकन जाऊन रोळावर बसलं.

मागं जाळावर एक वांगं फुटलं, तेवढाच आवाज.

आबांनी टेप लावली. इंचाहून जास्त फरक. त्यांनी टेप गुंडाळली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला, पहिले जेई ल्या."

पुष्पा आयुष्यात इतकं वाईट जेवण जेवली नव्हती, आणि भरीत तर असं झालं होतं की बोटं चाटत बसावं. ती घास नुसता फिरवत होती. इंचभर? तिचे हातचे दोन सूत धरले तरी इंच कुठून आला? म्हणजे प्रोग्राम चुकला, आणि त्याच्यावर हवाला ठेवून ती चुकली. डीलरचा माणूस मात्र तिसरी भाकरी मागत होता. त्याला काय, डोंगल खिशात टाकलं की झालं.

"आबा," नासीरचाचा एकदम म्हणाले, "एक बात सांगायची राहिली."

आबांनी मान वर केली.

"बेटीनं सांगितलं होतं आकस धरू नका म्हणून. पण मी म्हटलं, मशीनला बिडाचं काय कळतं? कमी पडलं तर लोक पोरीला हसतील. म्हणून मी माझ्या वाढीव पट्टीनंच माप घेतलं." चाचांची ती पट्टी खास पॅटर्नची, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून थोडा लांब. "चार सूत माझे धरा."

पुष्पानं हातातली भाकरी खाली ठेवली.

"चार तुन्हा?" आबा म्हणाले. "मंग मी सांगेल दोन सूत?"

"ते वेगळे. तुम्ही सांगितले म्हणून तेही घातले."

सगळे आबांकडे बघायला लागले. आबांनी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी न पिता परत ठेवला. "काय देखतस मन्हाकडे? मी नासीरले सांगं, दोन सूत हातना ऱ्हाऊ दे, पोरले सांगू नको. पोरनं पहिलं काम शे. कमी पडतं ते तिले काय वाटतं?"

"आबा, मीबी जरा जास्ती ठोकं," उखर्डूनाना पानाकडे बघतच म्हणाले. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून तो ठोकून हलवावा लागतो. जितका हलवाल तितकी पोकळी मोठी. "मी म्हनं, पोरनं काम शे, कमी पडाले नको. एक सूत मन्हं."

डीलरच्या माणसाला आता ठसका लागला. अकबरीचाचींनी त्याला पाणी दिलं आणि नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की चाचा ताटातल्या मिरचीशी खेळत बसले. पुष्पाला हसावं की रडावं कळेना. ही सगळी माणसं, एकेक तिच्या बापाच्या वयाची, तिला न सांगता, एकमेकांना न सांगता, तिची लाज राखायला निघाली होती, आणि सगळ्यांनी मिळून तिचं चाडं रोळावर आणून बसवलं होतं. तिला त्यांचा राग आला, आणि तितकीच मायाही दाटली.

"म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर होतं," डीलरचा माणूस म्हणाला. "बाईंचं ड्रॉइंगही बरोबर."

पुष्पाच्या छातीवरचा धोंडा उतरला. झालं तर. खुर्ची राहिली. आता फक्त गप्प बसायचं.

पण आबा बोटं दुमडून मोजत होते. मापं हातांनी दाखवणारा माणूस म्हणजे हिशेबाला कच्चा, असं समजणारे पुष्कळ फसले होते. "नासीरना चार. मन्हा दोन, सहा. उखर्डूनं एक, सात. कड दोन्ही टोकले मिळीसन आठ सूतनी." त्यांनी एक बोट तसंच उभं ठेवलं. "सात सूत वाढनं तरी चाडं सूतभर कडावर टेकाले पाहिजे व्हतं. मंग पडनं कसं?"

आता सगळे त्या उभ्या बोटाकडे बघत होते. पुष्पाही बघत होती. या अंगणात उत्तर एकटीला ठाऊक होतं आणि ते बाहेर काढायची कुणाची सक्ती नव्हती. बीड नेहमी सारखंच आकसत नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. आबांनी मान डोलावली असती. पण समोर हे तिघं आपापली सुतं ताटात मांडून बसले होते, तेही तिच्यासाठी घातलेली. यांच्यापुढं साळसूदपणे भाकरी मोडायची तिची छाती होईना.

"आबा, दोन सूत मन्हाबी शेतस," ती म्हणाली. ऑफिसात ती कधी घरच्या बोलीत बोलत नसे, पण ते तसंच निघालं. "मी आकडाच वाढाई घातला. माझाही भरवसा नव्हता. तुमच्या सातांवर चाडं टेकलं असतं. माझ्या दोनांनी पाडलं."

आबांनी उभं ठेवलेलं बोट मिटलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, खांदे हलायला लागले आणि ते असे हसत सुटले, की उखर्डूनानांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. चाचा हसले, चाची हसल्या, जाळ सारणारा गडी हसला.

"म्हणजे आपला बठ्ठासमा," आबा डोळे पुसत म्हणाले, "एक तो डबाच खरं बोलना." मग हसू आवरून ते पुष्पाकडे वळले. "आजून एक डाव ओतू. पण या खेपले कोणीच हात लावाना नही. मीबी नही. आनि सूतभरबी कमी पडनं, ते बिलं."

डीलरच्या माणसानं डोंगल पंधरा दिवस आणखी राहू दिलं. कामावरच्या निष्ठेनं की भरीतावरच्या, ते त्याचं तोच जाणे.

या खेपेला पुष्पानं ड्रॉइंग कुणाच्या हाती दिलं नाही. स्वतः घेऊन गेली आणि समोर बसून राहिली. नासीरचाचांना साधी पट्टी धरताना पाहणं म्हणजे डावखुऱ्या माणसाला उजव्या हातानं जेवताना पाहणं होतं. हात सारखा भिंतीवरच्या खिळ्याकडे जायचा, जिथं वाढीव पट्टी टांगलेली असे. खिळा रिकामा होता.

"पट्टी पिठाच्या डब्यात आहे," अकबरीचाची आतून म्हणाल्या. "काम होईपर्यंत निघणार नाही."

चाचांनी सुस्कारा सोडला. "बेटी, कमी पडलं तर मला बोल लावू नको."

"कमी पडलं तर मी बिलं लिहीन, चाचा. तुम्हाला एकही बिल लिहायला लावणार नाही."

ते ऐकून चाचा मुकाट कामाला लागले.

जळगावला उखर्डूनानांशी निराळीच पंचाईत झाली. ठोकू नका म्हणावं तर पॅटर्न वाळूतून निघणार कसा? ठोकणं तर भागच होतं. पुष्पानं विचारलं, "नाना, तुम्ही रोजच्यासारखं ठोकलंत, मायेनं नाही, तर किती वाढतं?"

नाना विचारात पडले. "कोणी इचारंच नही कधी," ते म्हणाले. त्यांनी हाताशी पडलेल्या जुन्या पॅटर्नचा साचा केला, ठोकला, काढला आणि दोघांनी वाकून पोकळी मोजली. अर्धं सूत. पुष्पाला एकदम आठवलं, की प्रोग्राममध्ये एक चौकट होती. तिचा अर्थ न कळल्यामुळे तिनं तिथं शून्य घातलं होतं. ती चौकट हीच होती, नानांच्या हाताची. करवलीला सगळं ठाऊक होतं, फक्त तिला विचारून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. पुष्पा त्याच दिवशी एसटीनं धुळ्याला परतली, चौकटीत अर्धं सूत भरलं, आणि चाचांनी कुरकुरत पॅटर्न तेवढा तासला. लाकूड कमी करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या बाजू आल्या त्या दिवशी अंगणात जाळ नव्हता. मेजवानीचं नाव काढायचं नाही, दृष्ट लागते, असं आबांनी बजावलं होतं. साखळी खाली यायला लागली. आबांनी दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत गुंतवून धरले होते, जणू सोडले तर ते आपणहून काहीतरी वाढवतील. चाचा डोळे मिटून उभे. पुष्पा मात्र डोळे उघडे ठेवून बघत होती. जे काही व्हायचं ते तिला स्वतः बघायचं होतं.

चाडं खाचेत उतरलं आणि बसलं. ना डुगडुग, ना फट. टर्नरनं फटीत पत्र्याचा तुकडा घालून पाहिला, तो गेला नाही. हातोडी खुंटीला होती ती खुंटीलाच राहिली.

"बसनं," आबा म्हणाले. नुसतंच तेवढं. पण त्यांनी जवळ जाऊन कडेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. चाचांनी डोळे उघडले आणि पुष्पाच्या डोक्यावर हात ठेवला. तिला तेव्हा रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

आठवड्यानं मशीन न्यायला चाळीसगावहून गिरधरशेठ आले. त्यांनी चाक फिरवून पाहिलं, चाड्यावर थाप मारली, चहा घेतला. मशीन टेम्पोवर चढलं तसं ते आबांना म्हणाले, "आबा, पुढल्या साली याच्याहून मोठं पाहिजे. पोरगाही आता मिलमध्ये बसतो. केवढं होईल, जरा सांगा."

तीस वर्षांची सवय ती. आबांचे दोन्ही हात हवेत गेले, तळवे समोरासमोर आले. टर्नरनं टेप उघडलीही. आबांनी आपल्याच हातांकडे पाहिलं. मग ते हळूच खाली घेतले आणि धोतराला पुसले.

"माले नका इचारू," ते म्हणाले. "इंजिनिअरबाई तठे बसतस."

आणि पुढं कुणी विचारायला नको म्हणून ते शेडच्या पार मागच्या टोकाला निघून गेले.

गिरधरशेठ क्षणभर गोंधळले. दारातून टेबलामागे बसलेल्या पुष्पाकडे त्यांनी पाहिलं, नीट पाहिलं. मग चपला बाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि आत येऊन समोरच्या स्टुलावर बसले.

"बोला बाई," ते म्हणाले, "केवढं करायचं?"